चाळीस दिवस बिनलवंगेचे

मुलीच्या दवाखान्याच्या दारातून सुवर्णा शेटे चौथ्यांदा माघारी फिरली, तेव्हा तिच्या पिशवीत एक नारळ, किलोभर चटणी आणि हिंगाची डबी होती. नारळ मुलीच्या नव्या खुर्चीपुढं फोडायचा होता, चटणी मुलीच्या डब्यासाठी होती आणि हिंग तिचा स्वतःचा.

काचेचं दार आपणहून सरकलं. आतली गार हवा बाहेर आली आणि तिच्या पाठीवर बसून लवंगेचा वास आला. दातांच्या दवाखान्यात तो असायचाच. रिक्षा बिनड्रायव्हरच्या झाल्या, दात यंत्रातून छापून मिळू लागले, तरी ठणकणाऱ्या दाताला गप्प करायला डॉक्टर लोक अजून लवंगेच्या तेलाचाच लेप भरत होते. सुवर्णाचे तळवे गार पडले. कानात भुंगा शिरला. काउंटरमागची मुलगी हसून काहीतरी म्हणाली, पण तिचे नुसते ओठ हलताना दिसले. आणि मग सुवर्णा शेटे, वय सत्तेचाळीस, जयसिंगपुरातल्या ‘शेटे कांडप’ची निम्मी मालकीण, जिच्या एका नजरेनं मिरचीचे व्यापारी भाव उतरवायचे, ती बघता बघता नऊ वर्षांची झाली.

पाय आपोआप वळले. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून तिनं डबी उघडली आणि खडा हिंग हुंगला. हिंगाचा गुण असा, की तो रांगेत उभा राहत नाही. बाकीच्यांना कोपरानं सारून आधी आत घुसतो. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर हळूहळू जयसिंगपूर परत आलं. समोरची बेकरीची पाटी, उसाचा ट्रॅक्टर, स्वतःच्या पायातली चप्पल.

फोन वाजला.

“मम्मी, कुठंयस? दाराचा कॅमेरा म्हणतोय, तू आलीस.”

“अगं, कांडपावरनं फोन आला. डंक अडकला.”

“चौथ्यांदा?” अन्विता लहान आवाजात म्हणाली, “मम्मी, तुला माझा दवाखाना आवडत नाही का? खरं सांग. बाकी सगळे येऊन गेले. मोठी आई तर दोनदा येऊन कवळीचं माप देऊन गेली, आणि तिचे सगळे दात शाबूत आहेत.”

सुवर्णाला हसू आलं आणि रडूही. उजवीकडची खालची दाढ दीड वर्षं ठणकत होती. डॉक्टर मुलगी घरात असताना ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. “येते गं,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात नक्की येते.”

तिनं आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण ही थाप राहू द्यायची नाही, असं तिनं त्या बाकावरच ठरवलं.

*

झालं होतं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, आणि सुवर्णानंही ते कधी लांबण लावून सांगितलं नाही. आजोळी शेजारच्या घरात एक अण्णा राहायचे. सगळ्या गल्लीचे लाडके. पोरांना गोष्टी सांगायचे, पत्रं लिहून द्यायचे, आणि तोंडात कायम लवंग. दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या. तिसऱ्या वर्षी सुवर्णानं आईला सांगितलं. आईनं तिला कुशीत घेतलं, पुन्हा आजोळी धाडलं नाही, आणि म्हणाली, “आता हे कुणाला बोलू नकोस.” कूस आणि कुलूप दोन्ही एकाच वेळी मिळालं. अण्णा पुढं म्हातारे होऊन, मानानं, अंथरुणात मेले. त्यांच्या तोंडातली लवंग मात्र मेली नाही.

अशी मुलगी लग्न होऊन मसाल्याच्या घरात पडावी, याला नशीब म्हणावं की थट्टा, हे सुवर्णाला कधी कळलं नाही. शेट्यांचं कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटायचे चार डंक, दोन भट्ट्या आणि वाळवणाची लांबलचक पत्र्याची गच्ची. गावोगावच्या बायका आपापल्या मिरच्या, धणे, खोबरं घेऊन यायच्या, खडा मसाला शेट्यांकडूनच विकत घ्यायच्या, समोर भाजून घ्यायच्या, आणि वर्षाची चटणी डब्यात भरून न्यायच्या. उन्हाळा अलीकडं सरकल्यामुळं हा हंगाम आता फेब्रुवारीतच उरकावा लागे. मार्चात गच्चीवर पाय ठेवला तर पायच भाजायचा. एक रीत मात्र बदलली नव्हती. कुठलाही मसाला सुवर्णानं हुंगून मान हलवल्याशिवाय डंकात पडत नसे. बाजारात वास तपासणारी यंत्रं आली होती. शेट्यांनी घेतलं नाही. “आमच्याकडं यंत्र आहे, आणि ते स्वयंपाकपण करतं,” असं तिचा नवरा महांतेश गिऱ्हाइकांना सांगायचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी सुवर्णानं त्याला अण्णांची गोष्ट एका वाक्यात सांगितली होती. पानाच्या तबकातली लवंगेची वाटी दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही.

आणि लवंग भाजायची? ती थोरली जाऊ शकुंतला, म्हणजे आक्का, अन्विताची मोठी आई, भाजायची. कसं कोण जाणे, लवंगेची पाळी आली की नेमकं सुवर्णाला बाहेर काम निघायचं. कधी पोती मोजायची असत, कधी कुणाला चहा द्यायचा असे. सव्वीस वर्षं हे असंच जमून आलं होतं. सुवर्णाला वाटायचं, एवढ्या बाबतीत तरी देव आपल्या बाजूचा आहे.

*

डॉक्टर नजमा मुजावर यांची प्रयोगशाळा मिरजेत होती. दोन वर्षं सुवर्णा ज्या समुपदेशक बाईंकडं जात होती, त्यांनीच तिचं नाव तिथं सुचवलं.

“सुवर्णाताई, नाकाची एक गंमत सांगते,” डॉक्टर म्हणाल्या. त्या तिच्याच वयाच्या, आणि बोलताना हातातल्या पेननं हवेत आकृत्या काढायच्या. “डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, आधी मेंदूतल्या एका चौकीवर थांबतं. तिथं चौकशी होते, मग आत प्रवेश. वासाला ती चौकी नाही. तो थेट आतल्या माजघरात, जिथं भीती आणि आठवण शेजारी शेजारी राहतात. म्हणून तुम्हाला काही कळायच्या आत तुमचे हात गार पडतात. तुमचं मन कमकुवत आहे म्हणून नाही. रस्ताच तसा आहे.”

सुवर्णा हे वाक्य मनात घोळवत राहिली. रस्ताच तसा आहे. अडतीस वर्षं ती चालणारीला दोष देत होती.

डॉक्टरांनी पुढं सांगितलं. नाकात वास ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची कुलपं असतात. प्रत्येक वासाची किल्ली त्यातली काही कुलपं उघडते. लवंगेचा वास मुख्यतः एकाच द्रव्याचा, आणि त्याची कुलपं आता नेमकी माहीत झाली होती. त्या कुलपांत मेण भरावं तसं काम करणारा फवारा त्यांनी बनवला होता. एकदा नाकात मारला की लवंग जगातून गायब.

“कायमची?”

“चाळीस दिवस. नाकातल्या पेशी जुन्या होऊन गळतात, नव्या येतात. नव्यांना मेण नसतं. कायमचा डोसही आहे, तो नव्या पेशी जिथं जन्मतात तिथंच काम करतो. पण आधी हा करून बघा.” आणि मग त्यांनी विचारलं, “तुमचा व्यवसाय?”

“घरकाम,” सुवर्णा म्हणाली. मसाल्याचं नाव काढलं तर बाई फवारा द्यायच्या नाहीत, अशी तिला धास्ती होती. ही त्या दिवसातली दुसरी थाप. पहिली तिनं आक्काला मारली होती, की मिरजेला चष्म्यासाठी जाते.

*

फवारा मारून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कांडपावर येऊन सुवर्णानं लवंगेच्या पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत. मूठ भरून घेतली, डोळे मिटले, नाकाशी नेली.

काही नाही. खिळे हुंगावेत तसं. जिभेवर ठेवली तर जीभ नुसती बधिर झाली, झिणझिणली, पण वास नाही. आणि वास नाही, म्हणून अण्णा नाहीत. गल्ली नाही, मे महिना नाही. सत्तेचाळीस वर्षांची एक बाई पोत्यापाशी उभी होती आणि तिच्या तोंडात एक काळी काडी होती, एवढंच.

ती तशीच रिक्षा बोलावून दवाखान्यात गेली. दार सरकलं, गार हवा आली, आणि हवेच्या पाठीवर कुणीच नव्हतं.

“मम्मी!” अन्विता हातमोजे न काढताच मिठी मारायला धावली आणि ऐनवेळी आठवून दोन्ही हात वर करून उभी राहिली, पोलिसांनी पकडल्यासारखी. नारळ फुटला. सुवर्णा खुर्चीत आडवी झाली, दिवा तोंडावर आला, लेकीचा चेहरा वर झुकला, आणि तरीही सगळं ठीक होतं. अन्वितानं दाढ पाहिली, फोटो काढला, रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला.

“दाढ वाचेल. पण तुझी साखर बघ किती! ती खाली आणल्याशिवाय मी या दाताला हात लावणार नाही. ही औषधं घे, दीड महिन्यानं ये. आणि मम्मी, दीड वर्ष हे सहन केलंस? माझी आई तू, आणि दीड वर्ष?”

“तुझं शिक्षण पुरं व्हायची वाट बघत होते.”

“काहीही बोलतेस.” अन्विता हसली. मग जरा संकोचून म्हणाली, “लोक म्हणतात, इथं वास फार येतो. तुला येतोय का?”

“नाही गं,” सुवर्णा म्हणाली. “मला काहीच येत नाही.”

हे तिनं आतापर्यंत बोललेलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि ते बोलताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात सुवर्णानं आक्काच्या हातातला झारा काढून घेतला. “आक्का, आजपासून लवंग मी भाजणार. तुमचे डोळे चुरचुरतात धुरानं.”

आक्का तिच्याकडं टक लावून बघत राहिली. “चष्मा लईच चांगला लागलाय म्हणायचा तुला,” एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

सुवर्णा लवंग भाजत होती, गुणगुणत होती. अंगणातली तुळस खुडताना तिला जाणवलं, की तुळशीलाही आता वास नाही; तमालपत्र अर्धंमुर्धं वाटतंय, जायफळ दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखं. लवंगेची काही कुलपं त्यांचीही होती. असू दे, ती म्हणाली. एवढ्यावर सुटले तर सुटले.

*

अठराव्या दिवशी मगदूमकाकू आल्या. चाळीस वर्षं शेट्यांकडं चटणी करणाऱ्या, सत्तरीच्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी डबा काउंटरवर आपटला.

“सुवर्णा, यंदा चटणी मुकी झालीय बाई.”

“मुकी म्हणजे?”

“तिखट हाय, लाल हाय, बोलत काय न्हाई. सुनंनं आमटी केली तर मुलगा म्हणाला, मेसची हाय काय? मेसची! माझ्या घरात!”

आक्कानं डबा उघडून चिमूटभर तळहातावर घेतली. हुंगली, चाटली. मग ती मागं गेली, लवंगेच्या पोत्यातली एक लवंग उचलली आणि नखानं दाबली. चांगल्या लवंगेच्या देठातून तेल पाझरतं. हिच्यातून काहीच आलं नाही. तेल आधीच काढून घेतलेली, चिपाड झालेली लवंग कुणी व्यापाऱ्यानं चांगल्यात मिसळून खपवली होती. मसाल्याच्या धंद्यात ही लबाडी जुनीच, आणि शेट्यांच्या दारात ती आजवर कधी टिकली नव्हती. सुवर्णाला नखानं दाबून बघायची गरजच कधी पडली नव्हती. सव्वीस वर्षं दुरूनच, पोतं उघडताना उंबऱ्यापलीकडून येणाऱ्या एका झुळकीवर तिला लवंग चांगली की वाईट ते कळायचं. जितकी लवंग चांगली, तितके तिचे हात गार.

या वेळी तिनं लवंग बाकी मसाल्यांसारखी नाकाशी नेली होती, सवयीनं मान हलवली होती, आणि त्या मानेच्या भरवशावर तीन मण चटणी डंकात पडली होती.

मगदूमकाकूंना नवी चटणी करून द्यायचं कबूल करून वाटेला लावल्यावर आक्कानं भट्टी बंद केली. दोघी पोत्यांवर बसल्या.

“चष्मा न्हाई तो,” आक्का म्हणाली.

“नाही.”

“नाकाला काय केलंस?”

सुवर्णानं फवाऱ्याचं सांगितलं. का घेतला, ते सांगता येईना. पदराचं टोक पिळत बसली.

“राहू दे,” आक्का म्हणाली. “तू या घरात आलीस त्या वर्षी मी पहिल्यांदा तुझ्यासमोर लवंग भाजली. तू पांढरी फटक पडलीस, भिंतीला धरलंस. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी तुला दळणाचे डबे मोजायला धाडलं. तवापास्नं धाडतेय.”

सुवर्णा बघतच राहिली. सव्वीस वर्षांचे चहा, पोती, हिशोबाच्या वह्या, निरोप, गच्चीवरची मिरची उलटी करायला जाणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकलं. “ते सगळं तुम्ही? मला वाटायचं देव.”

“देवाला कशाला सवड हाय?”

“आणि विचारलं नाहीत कधी?”

“विचारायला मी काय कलेक्टर हाय? माणूस लवंगेला भितंय म्हणजे लवंगेच्या मागं कायतरी असणारच. सांगायचं झालं तर सांगेल.” आक्कानं गुडघ्यावरची धूळ झटकली. “आता सांगतीस, का मिरच्या उलट्या करायला जातीस?”

आणि सुवर्णानं सांगितलं. भर दुपारी, बंद भट्टीपुढं, पोत्यावर बसून. एक वाक्य नाही, सगळं. आक्का मधे एकदाही ‘अगंबाई’ म्हणाली नाही. शेवटी तिनं फक्त त्या अण्णाला एक अशी अस्सल शिवी दिली, की सुवर्णाला रडता रडता ठसका लागला.

*

“कायमचा डोस घ्यायचा असेल तर तिसाव्या दिवसाच्या आत,” डॉक्टर मुजावर म्हणाल्या. “पण ताई, तुम्ही मसाल्यात आहात हे मला सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतं तर दिला असता?”

“नसता.”

“म्हणून.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्या सरळ बोलल्या. कायमचा डोस घेतला तर लवंग कधीच परत येणार नाही. तुळस नाही, जायफळ अर्धं. नाकावर चालणारं काम सोडावं लागेल. यंत्र घेता येईल. नाही घेतला तर चाळिसाव्या दिवसाला लवंग परत येईल, आणि बरोबर जे यायचं तेही. “मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, आणि सुवर्णाला त्या फार आवडल्या.

“परत येते म्हणजे कशी येते?” सुवर्णानं विचारलं. “एकदम?”

“नाही. पंचविसाव्या दिवसापासून थोडी थोडी. नव्या पेशी जशा तयार होतील तशी. आज शंभरातला एक भाग, उद्या तीन. तो या औषधाचा दोषच आहे, धड बंद नाही, धड चालू नाही. आम्ही तो घालवायचा प्रयत्न करतोय.”

“घालवू नका.”

“का?”

“बाई, लहान पोराला पहिल्यांदा मिसळ देताना आपण कट एकदम ओततो का? आधी चमचाभर. ते पाणी पितं, हाय हाय करतं, हसतं. मग दोन चमचे. सहा महिन्यांत तेच पोर वाटी पुढं करतं. माझ्या वाट्याला लवंग आली ती पहिल्याच दिवशी सगळी पातेलंभर आली. आता तुमचं औषध ती चमच्यानं द्यायला तयार आहे, आणि तुम्ही म्हणता दोष!”

डॉक्टर मुजावर यांनी पेन उचललं. पण हवेत आकृती काढली नाही. भीती पुसता येत नाही, हे त्यांना शास्त्रानं माहीत होतं. मेंदूत तिच्या शेजारी फक्त एक नवा धडा लिहिता येतो: हाच वास, आणि तरीही मी सुरक्षित. हा धडा पुन्हा पुन्हा, झेपेल एवढ्याच मात्रेत गिरवला, तर पुढं जुन्याआधी तो वाचला जातो. अडचण एकच होती, मात्रेची. आठवणीला मात्रा नसते. ती आली की पुरी येते. आणि इथं मात्रा रोज आपणहून, एकेक पायरीनं वाढणार होती. सहा वर्षं त्या ज्या उताराला दोष म्हणत होत्या, तो जिना होता, आणि हे त्यांना एका चटणी कुटणाऱ्या बाईनं दाखवलं होतं.

“एकटीनं करायचं नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “तुमच्या समुपदेशक बाई रोज फोनवर असतील. शेजारी विश्वासाचं माणूस हवं. आणि कुठल्याही दिवशी नको वाटलं, तर थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे.”

“माणूस आहे,” सुवर्णा म्हणाली. “शिव्या फार देतं, पण आहे.”

*

पंचविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आक्कानं छोट्या तव्यावर एक लवंग टाकली. एकच. नखानं दाबून, तेल बघून निवडलेली. सुवर्णा दारात उभी. मंद आच. लवंग फुगली, तडकली. नाकाच्या टोकाशी काहीतरी आलं, दुसऱ्या गल्लीत कुणीतरी हाक मारावी तसं.

“आली?”

“आली बहुतेक.”

“कोण आलंय? लवंग, का तो मेलेला?”

सुवर्णा शोधत राहिली. “लवंग,” ती म्हणाली.

“मग भाज तिला.”

दुसऱ्या दिवशी दोन लवंगा, दारापासून एक पाऊल आत. तिसऱ्या दिवशी चार. सुवर्णानं एका वहीत मसाल्याच्या प्रमाणासारखं लिहून ठेवलं: किती लवंगा, किती पावलं, हात गार की कोमट. तिसाव्या दिवशी ती तव्यापाशी पोचली. कायमच्या डोसाची मुदत त्याच दिवशी संपली. तिनं डॉक्टरांना फक्त एका लवंगेचा फोटो पाठवला.

तेहतिसावा दिवस वाईट निघाला. पंधरा लवंगा होत्या, हवा कोंदट होती, आणि नेमकं बाहेर कुणीतरी पुरुषी आवाजात खाकरलं. पुढचं तिला आठवत नव्हतं. भानावर आली तेव्हा ती गच्चीच्या जिन्याखाली उकिडवी बसली होती. आक्का पलीकडच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर, अंगाला न शिवता. हिंगाची डबी मधे ठेवलेली.

“झालं सगळं फुकट,” सुवर्णा म्हणाली.

“पापड करताना एक जळला तर पीठ फेकून देतीस काय?” आक्का म्हणाली. “आज आठ मिनिटांत परत आलीस. घड्याळ लावलंय मी. उद्या पंधरा नको, पाच घेऊ.”

दुसऱ्या दिवशी पाच. मग आठ. अडतिसाव्या दिवशी, बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून, सुवर्णानं आधी डंक चालू करायला सांगितला, मग आक्काला बाहेर मिरच्या उलट्या करायला धाडलं. पुरी अर्धा किलो लवंग तिनं एकटीनं भाजली. वास आला. पुरा, गोड, तिखट, जळका, काळा. अण्णाही आले. ते दारात उभे होते, तोंडात लवंग घेऊन. सुवर्णाचे हात गार पडले, आणि त्या गार हातांनी ती झारा फिरवत राहिली, कारण लवंग खाली लागली असती. थोड्या वेळानं तिनं वर पाहिलं तर दारात नुसतं ऊन होतं.

ती बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती. आक्कानं भाजलेली लवंग हातात घेतली, दाताखाली धरली.

“जरा कमी भाजलीस,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. “धूर फार करतीस बाई.”

*

पंचेचाळिसाव्या दिवशी दवाखान्याचं दार सरकलं. गार हवा आली, आणि तिच्या पाठीवर लवंग. सुवर्णा उंबऱ्यात थांबली. काउंटरमागच्या मुलीचे ओठ हलले, आणि जरा उशिरानं आवाजही आला: “या ना मावशी.”

अन्विताला तिनं सगळं आदल्या रविवारीच सांगितलं होतं. लेक खूप रडली होती, खूप चिडली होती, आणि मग तिनं एकच प्रश्न विचारला होता: “खुर्चीत असताना मी काय करू, की तुला बरं वाटेल?” ही मुलगी आपल्या पोटची, याचा सुवर्णाला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा डिग्री मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

म्हणून आज खुर्ची पुरती आडवी नव्हती. दार उघडं होतं. आक्का कोपऱ्यात स्टुलावर बसून कवळ्यांचे नमुने निरखत होती. “मम्मी, काहीही करायच्या आधी मी सांगणार,” अन्विता म्हणाली. “तू डावा हात वर केलास की मी थांबणार. कारण नाही विचारणार.”

सुई झाली, यंत्राची घरघर झाली. सुवर्णानं दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा घरघर जागच्या जागी थांबली, आणि नऊ वर्षांच्या कुण्या मुलीनं आत कुठंतरी डोळे मोठे करून ते पाहिलं: हात वर केला, आणि समोरचं माणूस थांबलं. एवढं सोपं असतं हे.

“आता शेवटचं,” अन्विता म्हणाली. “लेप भरायचाय. लवंगेच्या तेलाचा. हा तोंडातच असणार, थेट. नको असेल तर दुसरा वापरते.”

सुवर्णानं मान हलवली. भर.

अन्वितानं बाटलीतलं तेल काचेवर घेतलं, पांढऱ्या भुकटीत कालवलं, आणि दाढेत भरलं. वास नाकात आला, घशातून आला, जिभेवर उतरला. सुवर्णाचे डोळे मिटले. कपाळावर आठी पडली. तळवे गार झाले. स्टुलावर आक्का सावरून बसली. अन्विताचा हात हवेतच राहिला.

“मम्मी? मम्मी, थांबू?”

डावा हात वर आला. अन्विता मागं सरली. पण हात तिथं थांबला नाही. तो पुढं आला आणि ट्रेवरच्या बाटलीकडं बोट दाखवू लागला. अन्वितानं गोंधळून बाटली पुढं केली. सुवर्णानं ती नाकाशी नेली. एकदा हुंगली. दुसऱ्यांदा हुंगली. मग अर्ध्या बधिर तोंडानं, शब्द गोळा करत ती म्हणाली,

“अन्वी, हे तेल जुनं झालंय. बूच नीट लावत नाहीस. घरचं आणून देते.”